रिपोर्टच्या एका पानावरची पन्नास कोटी वर्षं

हिमोग्लोबिनच्या तपासणीचा एचपीएलसी रिपोर्ट म्हणजे एक आलेख आणि त्याच्याजवळ चार-पाच ओळींचा तक्ता. आम्ही लॅबवाले आधी ए-टूचा आकडा बघतो, कारण थॅलेसेमियाचा वाहक त्यावरून सापडतो. मग एफ, मग एस. माझी लॅब सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबारकडे. त्यामुळे एस म्हणजे सिकलसेल माझ्या कागदांवर वारंवार उमटतो. सिकलसेलची माहिती आमच्याकडे गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली असते. मला बोलायचंय ते एफ आणि ए-टूबद्दल. एकाच माणसाच्या रक्तात हिमोग्लोबिनचे इतके प्रकार आले कुठून?

मोठ्या माणसाच्या मुख्य हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात: दोन अल्फा, दोन बीटा. अल्फात १४१ अमिनो आम्लं, बीटात १४६. दोन्ही शेजारी मांडल्या तर चाळीस टक्क्यांहून अधिक जागी तेच अमिनो आम्ल निघतं. हा योगायोग नव्हे. साधारण ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी, आपले पूर्वज समुद्रात होते तेव्हा, एका जीनची जास्तीची प्रत तयार झाली आणि दोन्ही प्रती आपापल्या वाटेनं बदलत गेल्या.

डीएनएची देवाणघेवाण होताना असं अधूनमधून घडतं. एखादा तुकडा दोनदा येतो. एक प्रत नेहमीचं काम सांभाळते, म्हणून दुसरीतला बदल जिवावर बेतत नाही. बहुतेकदा ती बिघडून पडून राहते. क्वचित तिला नवं काम मिळतं.

आपल्या ११व्या गुणसूत्रावर याचा पुरावा ओळीनं मांडलेला आहे: एप्सिलॉन, दोन गॅमा, एक कायमचा बंद पडलेला जीन, मग डेल्टा आणि बीटा. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत एप्सिलॉन चालतो, पुढे गॅमा, जन्मानंतर बीटा. दोन गॅमांमध्ये फरक फक्त एका अमिनो आम्लाचा, म्हणजे ही प्रत तुलनेनं अलीकडची. डेल्टा बीटाचाच भाऊ, पण मंद. त्याचं हिमोग्लोबिन दोन-तीन टक्केच बनतं. तेच आमचं ए-टू. गॅमाचं हिमोग्लोबिन म्हणजे एफ. ते ऑक्सिजन अधिक घट्ट धरतं, म्हणून बाळाला आईच्या रक्तातून तो ओढून घेता येतो.

या साऱ्या साखळ्यांची घडी एकच. लोह असलेला हीम नावाचा रेणू पोटात धरून ठेवणारी ही घडी म्हणजे ग्लोबिन डोमेन. स्वतःहून घडी पडून काम करू शकणाऱ्या प्रथिनाच्या भागाला डोमेन म्हणतात. जॉन केंड्र्यूंनी स्पर्म व्हेलच्या स्नायूतलं मायोग्लोबिन आणि मॅक्स पेरुट्झांनी घोड्याचं हिमोग्लोबिन क्ष-किरणांनी तपासलं, तेव्हा दोन्हींत हीच घडी दिसली. १९६२चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

ही घडी फक्त रक्तात असते असंही नाही. भुईमुगाचं रोप उपटून मुळावरची ताजी गाठ नखानं फोडा, आत गुलाबी दिसेल. ते लेगहिमोग्लोबिन. नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं एन्झाइम मोकळ्या ऑक्सिजननं निकामी होतं, म्हणून हे प्रथिन ऑक्सिजन मोजूनमापून पोचवतं. आपल्या ग्लोबिन जीनमध्ये दोन ठिकाणी इंट्रॉन, म्हणजे प्रथिनात न उतरणारे तुकडे, घुसलेले असतात. शेंगवर्गीय झाडांच्या जीनमध्ये असे तीन आहेत, आणि त्यांतले दोन अगदी आपल्याच जागांवर. पावाच्या यीस्टमध्ये हाच डोमेन दुसऱ्या एका डोमेनला जोडलेला सापडतो आणि नायट्रिक ऑक्साइड हे विष निकामी करतो. म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणं हे या घडीच्या अनेक कामांपैकी एक.

गरज संपली की जीन जातोही. अंटार्क्टिकाच्या आइसफिशचं रक्त बिनरंगी असतं, हे योहान रूड यांनी १९५४मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे तपासलं तर तिचा बीटा जीन नाहीसा झालेला आणि अल्फाचा फक्त तुटका अवशेष उरलेला. बर्फगार पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो, म्हणून हा मासा तगला.

सिकलसेलमध्ये बीटाचं सहावं अमिनो आम्ल बदललेलं असतं. गॅमा शाबूत असतो. म्हणूनच सिकलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. नवजात बाळांत वाकड्या पेशी कमी असतात आणि त्याचं कारण एफ असावं, हे जॅनेट वॉटसन यांनी १९४८मध्येच सुचवलं होतं. वर्षभरात एफ ओसरतो आणि दुखणी सुरू होतात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध एफ पुन्हा वाढवतं. २०२३मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली, जीनमध्ये बदल करणारी क्रिस्पर उपचारपद्धतीही बीटातली चूक दुरुस्त करत नाही. गॅमाला बंद ठेवणारा लगाम सैल करते.

तो उपचार आमच्यापासून फार लांब आणि फार महाग आहे. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल मात्र आहे. "ताई, पोराला आता बरं वाटतंय, गोळी कशाला?" असं एखादी आई विचारते, तेव्हा मी तिला आधीचा आणि आताचा रिपोर्ट शेजारी ठेवून एफचा वाढलेला आकडा दाखवते. पोराला बरं वाटतंय ते याच्यामुळं, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही, एवढं सांगते.