महामार्गावर गाडी तेल किती खाते?

बैलजोडी दिवसाला किती कडबा खाते, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. गाय किती पेंड खाते आणि किती दूध देते, हा हिशेब घरच्या बाईच्या तोंडी असतो. पण दारात उभी असलेली मोटारगाडी किती ॲव्हरेज देते, म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर चालते, असे विचारून पाहा. मालक म्हणतो, "वीस देते." ड्रायव्हर म्हणतो, "कसली वीस! अठरा धरा." मालकाचा धाकटा भाऊ म्हणतो, "हायवेला बावीससुद्धा देते की!" तिघांपैकी एकानेही मोजलेले नसते.

आता गावोगाव भाड्याच्या गाड्या झाल्या आहेत. कोणाला पेशंट घेऊन नागपूरला मोठ्या दवाखान्यात जायचे असते. कोणाला लग्नाला जायचे असते. गाडीवाला अंदाजाने भाडे सांगतो. परत आल्यावर पेट्रोलचे पैसे वजा करतो, आणि बँकेच्या हप्त्याला काय उरले ते पाहून डोक्याला हात लावतो. हे पैसे जातात कुठे, ते आज आपण पाहू.

आधी मोजायचे कसे ते शिकू. पंपावर टाकी पूर्ण भरून घ्या. नळी आपोआप बंद झाली की थांबा. वर थेंबभरही घालू नका. आता गाडीने आजवर किती किलोमीटर तोडले तो आकडा समोर दिसतो, तो वहीत लिहा. समजा, तो ४१,२५० आहे. मग गाडी चालवा. टाकी अर्ध्याहून खाली आली की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. आता आकडा ४१,६१० आहे, आणि पेट्रोल बसले २० लिटर. गाडी चालली ३६० किलोमीटर. ३६० ला २० ने भागा. उत्तर १८. हे तुमच्या गाडीचे खरे ॲव्हरेज. एका वेळेवर विसंबू नका. तीन वेळा करा, तिन्हींची बेरीज घ्या आणि मग भागाकार करा. घरातली मुलगी किंवा सून आकडे चांगले लिहीत असेल तर वही तिच्याकडे द्या. ड्रायव्हरपेक्षा ती वही नीट ठेवते, असा आमचा अनुभव आहे.

कंपनीच्या कागदावरचा आकडा मात्र याहून मोठा असतो. कंपनी खोटे बोलते असे नव्हे. ती चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी एका खोलीत रुळांवर उभी करून चाके फिरवतात. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून आहे. तिथे अशा चाचण्या होतात. आपल्या देशात वर्षानुवर्षे वापरलेल्या चाचणीत गाडी ताशी ९० किलोमीटरच्या वर नेतच नाहीत. मग तुम्ही ताशी १२० ने पळवाल, तर तो आकडा तुम्हाला कसा मिळेल?

पेट्रोल जाते कुठे? इंजिनात जळलेल्या पेट्रोलच्या रुपयातले सुमारे बारा आणे नुसती उष्णता होऊन जातात. काही धुराच्या नळीतून, काही रेडिएटरमधून. त्यावर तुमचा-आमचा इलाज नाही. उरलेल्या चार आण्यांवर गाडी पळते. गावात आणि बाजारपेठेत हे चार आणे ब्रेकमध्ये जातात. गाडीला वेग दिला, समोर म्हैस आली, ब्रेक दाबला, वेगाची सगळी कमाई ब्रेकच्या गरमीत गेली. पुन्हा वेग द्या, पुन्हा पेट्रोल. महामार्गावर म्हैस नाही, चौक नाही. म्हणून तिथे ॲव्हरेज वाढायला हवे, आणि बेताने चालवले तर वाढतेही. पण तिथे दुसरा गिऱ्हाईक टपून बसलेला असतो. तो म्हणजे वारा.

वारा म्हणजे वादळ नव्हे. स्थिर हवासुद्धा गाडीला अडवते. कमरेइतक्या पाण्यातून नदी ओलांडताना हळू चाललात तर पाणी वाट देते. पळू लागलात तर तेच पाणी मांड्यांना भिंतीसारखे अडते. हवेचेही तसेच आहे. हवेला वजन नाही असे पुष्कळांना वाटते. पण एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी पेटी घेतली, तर तिच्यातली हवा एक किलोहून थोडी जास्त भरते. लहान मोटारीचे तोंड सुमारे दोन चौरस मीटर असते. म्हणजे एक किलोमीटर जाताना तिच्या वाटेत दोन हजार पेट्या हवा येते. तिचे वजन दोन टनांच्या वर! एवढी हवा दर किलोमीटरला बाजूला सारायची, तीही पेट्रोल जाळून.

हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वर्ग म्हणजे त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणणे. शेवटचे शून्य सोडून ८०, १०० आणि १२० हे तीन वेग घेऊ. आठ अठ्ठे चौसष्ट. दहा दाहे शंभर. बाराला बाराने गुणले की एकशे चव्वेचाळीस. म्हणजे ८० च्या वेगाला हवा ६४ जोराने अडवत असेल, तर १२० ला ती १४४ जोराने अडवते. वेग झाला दीडपट, आणि अडवणूक झाली सव्वादोन पट. सगळे पेट्रोल सव्वादोन पट लागते असे नाही, कारण टायरांचा रस्त्यावरचा विरोध वेगाबरोबर फारसा वाढत नाही. पण वहीतला आकडा चांगलाच खाली येतो.

बदल्यात वेळ किती मिळतो? शंभर किलोमीटर जायला ८० ने सव्वा तास, म्हणजे ७५ मिनिटे लागतात. १०० ने ६० मिनिटे. १२० ने ५० मिनिटे. पहिल्या वीसने १५ मिनिटे वाचवली. दुसऱ्या वीसने दहाच. आणि हवेची अडवणूक पाहा. पहिल्या वेळी ती ३६ ने वाढली, दुसऱ्या वेळी ४४ ने. माल कमी, भाव जास्त! बाजारात असा सौदा कोणी केला तर आपण त्याला हसतो.

नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण खुला झाला. सपाट भागात मोटारींना तिथे १२० ची मर्यादा आहे. ही वरची मर्यादा आहे. तेवढे पळालेच पाहिजे असा हुकूम नाही. पण हळू जाणाऱ्याने डावी बाजू धरावी. उजव्या लेनमध्ये ८० ने रेंगाळणे हा पेट्रोल वाचवण्याचा मार्ग नव्हे, अपघाताचा आहे. पेशंट अत्यवस्थ असेल तर हा हिशेबही बाजूला ठेवावा. मर्यादेच्या आत राहून जितके लवकर जाता येईल तितके जावे.

अमेरिकेसारख्या तेलाच्या धनी देशालाही हा हिशेब करावा लागला होता. १९७३ मध्ये तेलाची टंचाई झाली. १९७४ च्या जानेवारीत तिथे कायदा होऊन देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही मर्यादा आली. १९९५ मध्ये ती उठली. पुष्कळ लोक ती पाळतच नसत, हा भाग वेगळा. माणसे सगळीकडे सारखीच.

आता टपाच्या कॅरिअरकडे वळू. सामान टपावर बांधले की हवेला आणखी एक भिंत मिळते. सामान मागच्या डिकीत बसत असेल तर तिथेच ठेवा. रिकामे कॅरिअरसुद्धा हवा अडवते. लग्नसराई संपली की काढून ठेवा. शोभेसाठी ते वर्षभर मिरवण्याचे कारण आम्हाला कळत नाही.

टायरात हवा कमी असेल तर गाडी नांगरलेल्या रानातून बैलगाडी ओढल्यासारखी चालते. किती हवा भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तो वाचा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. "दोन पौंड जास्त मारा, ॲव्हरेज वाढेल," असे कोणी म्हणेल. ऐकू नका. त्याने टायर मधोमध झिजतो आणि रस्त्यावरची पकड कमी होते.

आमच्याकडे ड्रायव्हर लोकांची एक समजूत फार पक्की आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचते. जुन्या ॲम्बॅसिडर-फियाटच्या काळी त्यात थोडे तथ्य होते. आताच्या गाडीत पेट्रोल सोडण्याचे काम कॉम्प्युटर करतो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय उचलला, की चाकेच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. न्यूट्रल केली, तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे वाचते काहीच नाही. वर सगळा भार ब्रेकवर येतो. खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात ब्रेक तापून निकामी झाले, तर मग गाडी धरणारे कोणी नसते. टोलनाका दिसला की मात्र लांबूनच पाय उचलावा. गिअरमध्येच गाडी हळू होऊ द्यावी.

दुसरी खोड म्हणजे मोठ्या ट्रकच्या मागे चिकटून चालणे. ट्रक हवा फोडतो, आपल्याला विरोध कमी लागतो, हे खरे आहे. पण ट्रकने अचानक ब्रेक लावला तर थांबायला जागा राहत नाही. ही बचत नकोच.

वही जुनी असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते. ते उसापासून होते, मका आणि तांदळापासूनही होते. २०२५ मध्ये देशात त्याचे प्रमाण शंभर लिटरमागे वीस लिटरपर्यंत पोहोचले. इथेनॉलच्या एका लिटरातली उष्णता पेट्रोलच्या तीन भागांतले सुमारे दोन भाग असते. म्हणून वीस लिटर इथेनॉल साधारण तेरा लिटर पेट्रोलचे काम करते. शंभरात सहा-सात लिटरची तूट येते. तेव्हा काही वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा आजचा आकडा थोडा कमी आला, तर लगेच ड्रायव्हरवर आळ घेऊ नका.

पण आकडा एका महिन्यात एकदम घसरला, तर शोध घ्यायला हवा. आधी टायरांची हवा पाहा. मग सरळ रस्त्याने पाच-दहा किलोमीटर, ब्रेक फार न लावता, जाऊन या. खाली उतरून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, पण चटकन टेकवू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापले असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही, धरून राहतो आहे. गाडी त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्या.