डोळ्यांचा विसावा

आष्टा हे वाळवा तालुक्यातले मोठे गाव. शिवारात ऊस आणि हळद. दिवसभर उन्हात राबायचे आणि रात्री पुस्तक उघडायचे. मग अक्षरे नाचतात, डोळ्यांतून पाणी येते. "या वयात कुठली विद्या जमतेय!" असे म्हणून माणूस पुस्तक मिटतो. पण पुष्कळदा दोष बुद्धीचा नसतोच, डोळ्यांचा असतो.

डोळ्यात एक भिंग आहे. जवळचे पाहताना ते फुगीर होते, लांबचे पाहताना चपटे होते. वयाच्या ४० वर्षांच्या सुमारास ते ताठर होऊ लागते. सुईत दोरा ओवताना हात लांब जातो. हे सगळ्यांचेच होते. म्हणून तर जवळच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. डोळ्यांचा व्यायाम करा, चष्मा सुटेल, असे काहीजण सांगतात. आम्हाला ते पटत नाही. ताठर भिंग व्यायामाने मऊ होत नाही. डोळे तपासावेत आणि चष्मा घ्यावा. चष्म्याने डोळे अधू होतात, हीही समजूत खोटी.

विसाव्याने मात्र शीण जातो. वाचताना, मोबाइल पाहताना आपण पापण्या कमी मिटतो. डोळे कोरडे पडून चुरचुरतात. २० मिनिटे वाचले की मान वर करावी, लांबच्या झाडाकडे थोडा वेळ पाहावे, पापण्यांची उघडझाप करावी. लांब पाहताना डोळ्याच्या आतला स्नायू सैल पडतो. मंद उजेडाने डोळे जात नाहीत, पण लवकर थकतात. दिवा पुस्तकावर पडेल असा ठेवावा.

आता उसाच्या पाल्याचे बघा. त्याची कड करवतीसारखी. पाचट काढताना पाते डोळ्याला लागते, बुबुळावर ओरखडा उठतो. त्यात जंतू किंवा बुरशी शिरली, की जखम चिघळते, फूल पडते, नजर जाते. अशा वेळी कोणी मध घालतो, कोणी एरंडेल, कोणी बाळंतिणीचे दूध, कोणी झाडपाल्याचा रस. नैसर्गिक आहे, मग अपाय कसला, असे वाटते. पण त्या रसाबरोबर घाणही जखमेत जाते. दुकानातून मनाने थेंबही आणू नयेत. काही थेंबांनी बुरशी उलट फोफावते. डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने कचरा धुवावा आणि त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. सांगली, मिरज काही लांब नाही. हंगामात एक खाडा परवडत नाही, हे आम्ही जाणतो. पण डोळा गेला तर तो पुन्हा मिळत नाही. पाचट काढताना साधा, बिननंबरी चष्मा लावला, तरी पुष्कळ बचाव होतो. कोणी हसले तर हसू द्यावे.

घरातल्या म्हाताऱ्यांना धुरकट दिसत असेल, तर बहुधा मोतीबिंदू असतो. तो कोणत्याही थेंबाने विरघळत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. अंधत्व रोखण्याचा सरकारी कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते.

आणि एक. घरात एकच चाळिशी दोघांनी वापरू नये. कारभाऱ्याचा नंबर कारभारणीला लागेलच असे नाही.