न किडलेला दात

सकाळी ९.००
तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली दातांची ओपीडी. दार उघडायच्या आधीच बाकावर पाच-सहा जण गालाला हात लावून बसलेले असतात.

९.२०
पंचेचाळिशीच्या मावशी, सोबत सहा महिन्यांची गरोदर सून. “हालतोय नुसता. काढून टाका, मॅडम.” खालचा पुढचा दात बोट लावताच डुलतो. कीड कुठेच नाही.

“तंबाखू?”
“न्हाय ओ. नुसती मिश्री लावते.”

हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता दोन्ही वेगवेगळं विचारते. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटली तरी ती तंबाखूच. पण घरोघरी तिला दात घासायची वस्तू मानतात, आणि सासूच्या डबीतून ती सुनेच्या बोटावर येते.

प्रोब हिरडीच्या फटीत सरकवते. खुणांची बारीक सळई ती. निरोगी हिरडीत १ ते ३ मिलिमीटर जाते. मी आकडे सांगते, सिस्टर केसपेपरवर लिहितात: सहा, सात, सात. एक्स-रेत हाड मुळाच्या टोकापर्यंत उतरलंय. हा दात गेला. बाकीचे वाचवता येतील. रक्तातली साखर तपासून, जेवून दुपारी यायला सांगते.

११.००
विडी ओढणारे ड्रायव्हर. “हिरडीतून रक्त येत नाही, म्हणजे चांगलीच की.” निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही. आतून हाड झिजतच असतं. दुखतही नाही, हीच हिरडीच्या या रोगाची सगळ्यात वाईट खोड.

मशीनने साफ केलं की दात हलायला लागतात, अशीही त्यांना भीती. ही समजूत खोडून काढण्यात माझा अर्धा दिवस जातो. ब्रशने न निघालेला चिकट थर थोड्याच दिवसांत दगडासारखा घट्ट होतो, तेच कीटण. हाड गेलेले दात त्याच्या आधारावर तग धरतात. कीटण निघालं की आधीचीच पडझड उघडी पडते. त्यांच्या हातात आरसा देऊन दाखवते. तयार होतात.

१२.४०
मेडिसिन ओपीडीतून दोन मधुमेही. साखर वाढली की हिरडी चिघळते, हिरडीत पू राहिला की साखर आटोक्यात येत नाही. म्हणून औषधांच्या जोडीला हिरड्याही बघायलाच हव्यात. गेल्या वर्षी हिरडीला वारंवार गळू येणाऱ्या एका शेतकऱ्याला रक्त तपासायला पाठवलं, साखर ३२० निघाली. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

२.००
डबा.

२.३०
मावशी परत येतात. साखर ठीक. भूल देऊन चिमट्यात धरताच दात हातात येतो, जोर लावावाच लागत नाही. कापूस दाबायला देऊन सुनेला खुर्चीत बसवते. तिच्या हिरड्या सुजलेल्या. “घासलं की रक्त येतं, म्हणून ब्रश सोडला. मिश्रीच लावते.” गरोदरपणात हिरड्या अशा हुळहुळ्या होतात, पण घासणं सोडलं की सूज वाढतच जाते. मऊ ब्रश कसा फिरवायचा ते तिच्याच हाताने करून घेते.

निघताना तिची नजर ट्रेमधल्या दाताकडे जाते. वरचा भाग अख्खा, कुठे टवकासुद्धा नाही. खालचं मूळ मात्र टोकापर्यंत काळ्या कीटणाने माखलेलं. बराच वेळ वाकून बघते, मग सासूच्या कनवटीच्या डबीकडे.

“आत्या, ह्याला वरून तर कायबी झालं नव्हतं.”