नाक कुठे आहे, हे मुलाला आधीच ठाऊक असतं

‘डोळ्यांनी काय करतो?’ ‘बघतो.’ ‘कानांनी?’ ‘ऐकतो.’ तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाकडून ही प्रश्नोत्तरं घोकून घेतली की पंचज्ञानेंद्रियांचा धडा झाला, असं सर्रास मानलं जातं. मूल पाहुण्यांसमोर ती उत्तरं घडाघडा म्हणतं, वर्कशीटवर कानाला घंटा आणि नाकाला फूल रेघेनं जोडतं आणि घरचे निर्धास्त होतात. पण नाक कुठे आहे आणि ते कशासाठी आहे, हे मुलाला वर्कशीट हातात येण्याआधीच कळलेलं असतं. फोडणी करपली तर ते कुणी न शिकवता नाक मुरडतं. शिकण्याचा भाग त्यापुढे सुरू होतो. दोन गोष्टींतला फरक टिपणं, त्यांची तुलना करणं आणि तो फरक शब्दांत सांगणं, हे ज्ञानेंद्रियांचं खरं शिक्षण आहे आणि ते घरात उत्तम होतं. त्याच्या आड येतात ते काही पक्के गैरसमज.

गैरसमज १: वास, स्पर्श, आवाज ओळखण्याच्या खेळांनी ज्ञानेंद्रियं तल्लख होतात

वस्तुस्थिती अशी की बहुतेक ज्ञानेंद्रियं जन्मापासूनच बऱ्यापैकी तयार असतात. नवजात बाळ आईचा आवाज इतर बायकांच्या आवाजातून वेगळा ओळखतं, हे १९८० साली प्रयोगानं दाखवून दिलं गेलं. सहा महिन्यांच्या बाळाला परक्या भाषांतल्या ध्वनींमधले असे फरक ऐकू येतात, जे मोठ्यांना येत नाहीत. वर्षाच्या आतबाहेर ही क्षमता ओसरते, कारण घरातल्या भाषेत ज्या फरकाला अर्थ नाही, त्याकडे मेंदू लक्ष देईनासा होतो. म्हणजे कान तोच राहतो, बदलतं ते लक्ष. डबीतले डाळ-तांदूळ वाजवून ओळखण्याच्या खेळानं कानाचा पडदा सुधारत नाही. लक्ष कुठे द्यायचं आणि जे जाणवलं ते कसं सांगायचं, याचा सराव मात्र होतो.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही ज्ञानेंद्रियांची जाण तीक्ष्ण होणं हे एक उद्दिष्ट दिलेलं आहे. मग ते चूक म्हणायचं का? नाही. त्या उद्दिष्टाखालच्या अपेक्षा पाहिल्या तर तिथे भर आहे तो फरक ओळखण्यावर: आवाजाची पट्टी, मोठेपणा आणि गती, निरनिराळे वास आणि चवी, वेगवेगळे स्पर्श. तीक्ष्ण व्हायची आहे ती जाण, अवयव नव्हे. आणि जाणीव शब्दांबरोबर किती वाढते, याचं एक चांगलं उदाहरण मलाय द्वीपकल्पातल्या जहाई लोकांचं आहे. रंगांची नावं सांगावीत तितक्या सहजतेनं ते वासांची नावं सांगतात, तर त्याच वासांपुढे इंग्रजी बोलणारे अडखळतात, असं २०१४ च्या एका अभ्यासात आढळलं. नाकं दोघांची सारखीच. सवय आणि शब्दसाठा वेगळा. मराठी घराला या बाबतीत काहीच कमी नाही. खमंग, करपट, कुबट, खवट, आंबूस, उग्र. खरखरीत, गुळगुळीत, बुळबुळीत, भुसभुशीत, रवाळ. मुलाशी बोलताना मात्र आपण ‘छान वास’ आणि ‘घाण वास’ यांवरच थांबतो. भाजलेल्या रव्याला ‘खमंग’ आणि पावसाळ्यात न वाळलेल्या चादरीला ‘कुबट’ म्हटलं, तर चार वर्षांचं मूल हे शब्द बिनचूक वापरू लागतं.

गैरसमज २: त्यासाठी महागडं साहित्य लागतं

हा समज बहुधा मॉंटेसरीच्या नावामुळे पसरला. मारिया मॉंटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं आणि ज्ञानेंद्रियांसाठी नेमकं, घोटीव साहित्य घडवलं. त्या साहित्याचा जीव लाकडात किंवा रंगात नाही, एका तत्त्वात आहे. एका वेळी एकच गुण बदलायचा, बाकी सगळं सारखं ठेवायचं. ठोकळे लहान-मोठे असतील, तर रंग एकच. आवाजाच्या डब्या असतील, तर दिसायला एकसारख्या. म्हणजे मुलाचं लक्ष आपोआप त्या एका फरकावर जातं. हे तत्त्व समजून घेणाऱ्या मराठी बालशिक्षणतज्ज्ञांनी साहित्याचं ओझं केव्हाच उतरवलं आहे. गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीनं वारली पाड्यांवरच्या मुलांसाठी दगड, बिया, पानं, शिंपले असं परिसरातलं साहित्य वापरलं. नागपूरपासून जेमतेम पंचाहत्तर किलोमीटरवर, सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीममध्येही पूर्वबुनियादी टप्प्याचा विचार झाला, तो रोजच्या कामातून शिकण्याचाच. घरात हे करायचं झालं, तर सारख्या दिसणाऱ्या सहा छोट्या स्टीलच्या डब्या घ्याव्यात. दोन डब्यांत साबुदाणा, दोन डब्यांत तूरडाळ, दोन डब्यांत राजमा भरून झाकणं चिकटपट्टीनं बंद करावीत आणि मुलाला त्या वाजवून जोड्या लावायला सांगावं. डबी उघडली की बरोबर-चूक त्याचं त्यालाच कळतं, मोठ्यांना ‘चुकलं’ म्हणावं लागत नाही. नवा शब्द द्यायचा असेल तर तीन पायऱ्या पुरतात: ‘हे खरखरीत आहे’, मग ‘खरखरीत कोणतं, दे’, आणि शेवटी ‘हे कसं आहे?’ तिसऱ्या पायरीची घाई केली की खेळाची परीक्षा होते.

हेच तत्त्व लक्षात घेतलं, तर ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हा उपसमजही गळून पडतो. रंगवलेले तांदूळ, चकाकणारे मणी, अत्तर आणि वर गाणी, असा थाट एका ट्रेमध्ये मांडला तर मूल रमतं, पण नेमकं काय टिपायचं हे हरवतं. नुसतं रमण्यातही काही वाईट नाही. फक्त त्याला ज्ञानेंद्रियांचं शिक्षण म्हणू नये. तान्ह्या पोळ्याला मिळालेला लाकडी बैल घरात असेल, तर त्याची घासलेली पाठ आणि न घासलेला तळ डोळे मिटून चाचपणं एवढाही धडा पुरेसा आहे. डोळ्यांवर पट्टी बांधायला काही मुलं घाबरतात. त्यांना कापडी पिशवीत हात घालून ओळखू द्यावं. धान्याचे दाणे मात्र नाका-कानात जातात, तेव्हा खेळ संपेपर्यंत मोठं माणूस जवळ हवंच.

गैरसमज ३: चव जिभेला कळते, आणि जिभेवर प्रत्येक चवीची जागा ठरलेली आहे

गोड टोकाला, कडू मागे, आंबट कडेला, असा जिभेचा नकाशा पुस्तकांतून कित्येक वर्षं छापला गेला. त्याचं मूळ १९०१ सालच्या एका जर्मन संशोधनात आहे. त्यात जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेत किरकोळ फरक नोंदवला होता. पुढे १९४२ च्या एका पुस्तकामुळे त्या किरकोळ फरकाच्या पक्क्या सीमारेषा झाल्या. प्रत्यक्षात गोड, आंबट, खारट, कडू आणि १९०८ साली जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी नोंदवलेली पाचवी चव, उमामी, या सगळ्या जिभेच्या सर्व चवग्राही भागांवर कळतात. तिखट ही या अर्थानं चव नाहीच. मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंना चेतवतो. तो ज्यावर काम करतो, तो ग्राही शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. म्हणूनच भिवापुरी मिरची कुटून झाल्यावर बोटंही चुरचुरतात. षड्रसांत तिखट आहे, मग आपली परंपरा चुकली का, असं कुणी विचारेल. षड्रस हे खाण्याच्या एकूण अनुभवाचं वर्गीकरण आहे, चेतातंतूंचं नव्हे. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत.

आणि आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग नाकाचा असतो. हे पाहायला नागपूरकराला लांब जायला नको. हिवाळ्यात आंबिया बहाराचं किंवा फेब्रुवारीपासून मृग बहाराचं संत्रं आणि त्याच्या जोडीला एक मोसंबी घ्यावी. आधी दोन्हींची सालं हाताळू द्यावीत. संत्र्याचं सैल साल लहान बोटांना निघतं, मोसंबीचं चिकटून बसतं. साल मुडपल्यावर उडणारा बारीक फवारा डोळ्यांपासून दूर ठेवून हुंगू द्यावा. मग बिया काढलेली फोड, नाक चिमटीत धरून, चावायला द्यावी. नुसतं आंबटगोड लागतं. चिमूट सोडली की त्या क्षणी ‘संत्रं’ येतं. आता मोसंबीचीही तशीच फोड द्यावी: नाक बंद असताना आणि उघडं असताना कोणती फोड कशाची, हे ओळखण्यात काय फरक पडतो ते मूल स्वतः अनुभवतं. एकाच बैठकीत स्पर्श, वास, चव आणि तुलना साधते. यात चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देण्याचा मोह टाळावा, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली, म्हणून ‘त्याला आवडत नाही’ हा शिक्काही घाईचा. या वयात नव्या अन्नाला नकार स्वाभाविक असतो, आणि आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, जबरदस्ती न करता चाखायला मिळाल्यावर तो बऱ्याचदा मावळतो.

गैरसमज ४: इंद्रियं पाचच, आणि ती सांगतात तेच खरं

पाचाची यादी जुनी आहे आणि बालवाडीसाठी सोयीची आहे. पण अंतर्कर्णातली तोल सांभाळणारी यंत्रणा, डोळे मिटूनही हात-पाय कुठे आहेत हे सांगणारी स्नायू-सांध्यांची जाण, भूक, तहान आणि लघवीची जाणीव, ही माहितीही शरीर सतत पुरवत असतं. चार वर्षांच्या मुलाला यांची नावं सांगायची गरज नाही. झोका, फरशीवरच्या एकाच रेघेवरून चालणं, डोळे मिटून एका पायावर उभं राहणं, आणि ‘पोट भरलं की अजून जागा आहे?’ हा प्रश्न, एवढं पुरे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ज्ञानेंद्रियं मोजमाप देत नाहीत, फरक सांगतात. उन्हाळ्यात कूलरला वाळ्याच्या ताट्या लावल्या की खोलीत शिरताच वास येतो आणि काही मिनिटांत येईनासा होतो. वास गेलेला नसतो, नाकानं त्याची दखल घेणं थांबवलेलं असतं. बाहेर फिरून आलं की तो पुन्हा येतो. एक हात माठाच्या गार पाण्यात आणि दुसरा कोमट पाण्यात धरून मग दोन्ही साध्या पाण्यात बुडवले, तर तेच पाणी एका हाताला कोमट आणि दुसऱ्याला गार लागतं. जानेवारीत स्टीलची वाटी लाकडी पोळपाटापेक्षा गार लागते. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाकडे गेलेला असताना सावलीतच ठेवलेल्या त्याच दोन वस्तूंत वाटी जास्त तापलेली वाटते. प्रत्येक ऋतूत त्या दोन वस्तूंचं तापमान एकमेकींइतकंच असतं. धातू उष्णता पटकन नेतो किंवा देतो, एवढंच. पाच वर्षांच्या मुलाला कारण कळणार नाही, पण ‘माझ्या दोन हातांचं एकमत होत नाही’ हे कळतं, आणि पडताळून पाहण्याची सवय तिथे रुजते. इंद्रियांचं कामच फरकावर चालत असेल, तर त्यांचं शिक्षणही फरकातूनच व्हायला हवं, हे ओघानं येतं.

गैरसमज ५: मोबाइलवरचे व्हिडिओ हेच शिकवतात

व्हिडिओ डोळे आणि कान यांपुरता असतो. त्यातला कापूस आणि त्यातली वीट, दोन्ही बोटाला एकाच काचेसारखी लागतात. शिवाय लहान मुलं, विशेषतः तीन वर्षांखालची, समोरच्या माणसाकडून जितकं शिकतात तितकं पडद्यावरून शिकत नाहीत, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, आणि कमी असेल तर उत्तमच. हत्तीचा चीत्कार घरात कुठून आणणार, हे मान्य. तो व्हिडिओवर ऐकवावा. पण त्याआधी गॅलरीतल्या कावळ्या-साळुंकीचे आवाज वेगळे करता यायला हवेत. याच जातीचा दुसरा समज म्हणजे ‘आमचा मुलगा बघून शिकणारा, मुलगी ऐकून शिकणारी’. त्यानुसार शिकवल्यानं जास्त फायदा होतो, याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात स्पष्ट झालं. एका इंद्रियाचा शिक्का मारून बाकीची दारं कशाला लावायची?

गैरसमज ६: मूल चुकतं, म्हणजे त्याचं लक्ष नाही

घरातल्या खेळांचा एक न मागता मिळणारा फायदा इथे आहे. आवाजाच्या डब्यांत सतत चुकणारं, पाठीमागून हाक मारली तर न वळणारं मूल हट्टीच असेल असं नाही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे साचलेल्या द्रवामुळे त्याला काही आठवडे कमी ऐकू येत असेल. एका डोळ्यानं अंधुक दिसत असेल, तर मूल तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. दृष्टी या वयात अजून पक्व होत असल्यानं, एका डोळ्याच्या अशा कमजोरीवर, म्हणजे ‘आळशी डोळ्या’वर, लवकर उपचार झाले तर जास्त गुण येतो. खेळ हे निदान नव्हे, पण शंका यायला ते पुरेसं निमित्त आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे, आणि नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा आणि नेत्र विभाग आहेत. घरच्या घरी कानात तेल घालणं आणि डोळ्यांत काजळ भरणं हे यावरचे उपाय नव्हेत.

राहता राहिला वेळेचा आक्षेप. आई-बाबा दोघं नोकरीला, आजी-आजोबा दूर, मग हे करणार कधी? हे सगळं वेगळा तास काढून करायचं असतं, तर तो आक्षेप बिनतोड ठरला असता. पण सांबार (म्हणजे कोथिंबीर) निवडताना ते मेथीच्या जुडीशेजारी ठेवून हुंगायला, पोळीची कणीक आणि भाकरीचं मळलेलं पीठ एकेकदा दाबून बघायला, आंघोळीच्या पाण्यात हात घालून ‘कालच्यापेक्षा गरम की गार?’ विचारायला वेगळा वेळ लागत नाही. लागतो तो प्रश्न बदलायला. ‘हे काय आहे?’ याचं उत्तर एका शब्दात संपतं आणि पाठही करता येतं. ‘या दोन्हींत वेगळं काय?’ याचं उत्तर मुलाला दर वेळी नव्यानं शोधावं लागतं. पंचज्ञानेंद्रियांचा अभ्यास घ्यायचाच असेल, तर तो या दुसऱ्या प्रश्नानं घ्यावा.