चाचेगिरीचा जमाखर्च

डिसेंबर १८०९. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर चाच्यांनी पकडलेला ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रिचर्ड ग्लासपूल साथीदारांसह सुटायच्या बेतात होता. खंडणी आली होती: रोख डॉलर, उंची कापडाचे दोन गठ्ठे, अफूच्या दोन पेट्या, बंदुकीच्या दारूची दोन पिंपं आणि एक दुर्बीण. चाच्यांनी एकेक वस्तू तपासली आणि हरकत घेतली. दुर्बीण जुनी आहे! नवी पाठवा, नाहीतर शंभर डॉलर भरा. तोवर तुमच्यातला एक जण इथंच राहील.

एवढ्या काटेकोर टोळीच्या मुळाशी होती एक विधवा, झेंग यी साओ. कँटनच्या वेश्यावस्तीतून ती आली असं सांगतात. १८०१ मध्ये तिनं झेंग यी या चाच्याशी लग्न केलं. व्हिएतनामच्या यादवीत भाडोत्री लढलेले हे चाचे तिथली सत्ता कोसळल्यावर चीनच्या किनाऱ्याकडे परतले. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या टोळ्यांना झेंग यीनं १८०५ मध्ये करारानं बांधलं. लाल, काळ्या अशा निरनिराळ्या निशाणांची आरमारं उभी राहिली. १८०७ मध्ये तो मेला. आता सगळं विस्कटणार, असं कुणालाही वाटलं असतं.

बाईनं ते विस्कटू दिलं नाही. नवऱ्याचा दत्तक मुलगा झांग बाओ याच्या हाती तिनं लाल निशाणाचं आरमार दिलं. पुढं त्याच्याशीच लग्नही केलं. त्या किनाऱ्यावर कुटुंबंच्या कुटुंबं होडीवर राहत, बायकाही वल्ही मारत. त्यामुळे जहाजावर बाई असणं नवलाचं नव्हतं. नवल आहे ते तिच्या हिशेबाचं. लूट आधी वहीत नोंदवायची, पाचवा हिस्सा पकडणाऱ्याला, बाकी सामायिक खजिन्यात. हुकूम मोडला तर शिरच्छेद. मिठाच्या व्यापाऱ्यांनी पैसे भरले की त्यांना दस्तक मिळे आणि ते दाखवलं की कुठलाही चाचा वाट सोडी. सरकारी कर बुडवता येत असेल, हा नाही!

लढाईत चाच्यांच्या म्होरक्याची बायको ग्लासपूलवर लसणाचं पाणी शिंपडायची, गोळी लागू नये म्हणून. माया म्हणावी की मालाची काळजी? मला दुसरी गोष्ट खरी वाटते.

मग काळ्या निशाणाचा सरदार फुटून सरकारला मिळाला. वारं फिरल्याचं तिनं ओळखलं. एप्रिल १८१० मध्ये सतरा बायकामुलं सोबत घेऊन, एकही हत्यार न घेता, ती थेट कँटनला गव्हर्नर जनरलच्या कचेरीत गेली आणि अटी ठरवून आली. १७,३१८ माणसं, २२६ जहाजं आणि १,३१५ तोफा सरकारजमा झाल्या. काहींना मृत्युदंड किंवा हद्दपारी झाली, पण बहुतेकांना माफी मिळाली. झांग बाओला तर लष्करी हुद्दा मिळाला, वर वीसेक जहाजंही त्याच्याकडेच राहिली. हरलेल्या बाजूनं केलेला असा तह इतिहासात फारसा सापडत नाही.

झांग बाओ १८२२ मध्ये वारला. १८४० मध्ये, पासष्टीच्या आसपास, तिनं एका सरकारी अधिकाऱ्यावर फिर्याद ठोकली: नवऱ्यानं १८१० मध्ये जमीनजुमला घेण्यासाठी दिलेली २८,००० टेलच्या (चिनी वजन) घरातली चांदी यानं गिळली. फिर्याद फेटाळली गेली. तीस वर्षं जुनी ही बाकी तिनं बुडीत खाती मात्र टाकली नव्हती.