होडीच्या इंजिनाचं पेट्रोल

कोकणातल्या खाडीत छोट्या होडीचं इंजिन अचानक बंद पडलं, की आधी टाकी पाहावी. दोन-तीन अश्वशक्तीच्या इंजिनाला साधारण लिटरभराची टाकी अंगचीच असते; मोठ्याला १२ किंवा २५ लिटरची सुटी टाकी लागते. तिच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला, तर पेट्रोल येणंच थांबतं.

टू-स्ट्रोकला ५०:१ प्रमाण सांगितलं असेल, तर १० लिटरला २०० मिली तेल. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळू नये.

खरी काळजी इथेनॉलची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं; पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि नळी नेमकी तिथूनच पेट्रोल उचलते. पावसाळ्यात होडी वर ओढली, की टाकी रिकामी करावी. नारळी पौर्णिमेनंतर ताजं पेट्रोल भरावं, तेही टाकी होडीबाहेर जमिनीवर ठेवून.