नोंदवही पूर्ण, पण मूल्यमापन झालं का? डिलन विल्यम यांच्या कामाची ओळख

पीएचडीला येण्याआधी मी काही वर्षं शाळेत शिकवत होते. सत्र संपत आलं की एक काम हमखास रात्री जागून व्हायचं, ते म्हणजे वर्णनात्मक नोंदी. तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात, व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरत असतात. त्यातली वाक्यं उचलायची आणि बेचाळीस मुलांच्या रकान्यांत वाटून टाकायची. सहावीतल्या एका मुलासमोर मी 'गणिती क्रिया अचूक करतो' असं लिहिलं होतं. पुढच्या वर्षी त्याच्या नव्या बाईंनी मला सहज विचारलं, "अहो, याला दशांश अपूर्णांक अजिबात कळलेले नाहीत. तुमच्या लक्षात आलं नव्हतं का?" नव्हतं आलं. नोंदवही मात्र पूर्ण होती, तपासणीत तिचं कौतुकही झालं होतं.

माझा संशोधनाचा विषय, म्हणजे शालेय मूल्यमापन आणि शाळेचं नेतृत्व, खरं तर त्या प्रश्नातून निघाला. या विषयाचं वाचन सुरू केलं की एक नाव लगेच भेटतं: डिलन विल्यम. आज त्यांच्याबद्दल लिहिते. परीक्षा तयार करण्यापासून त्यांचं संशोधन सुरू झालं, मग वर्गात आलं आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत पोहोचलं. ते असं का वळत गेलं हे कळलं, की आपल्या ओळखीच्या 'आकारिक मूल्यमापन' या शब्दाचा अर्थही नीट लागतो.

सुरुवात चाचण्यांपासून

विल्यम आधी लंडनमधल्या शाळांत गणित शिकवत होते. १९८४ मध्ये ते लंडन विद्यापीठाच्या चेल्सी कॉलेजात रुजू झाले. हे कॉलेज पुढच्याच वर्षी किंग्ज कॉलेजमध्ये विलीन झालं. तिथे त्यांचं पहिलं काम होतं गणितासाठी वेगळ्या प्रकारची मूल्यमापन योजना तयार करणं: वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा घेण्याऐवजी मुलाने टप्प्याटप्प्याने काय साध्य केलं ते नोंदवायचं.

१९८८ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. त्याचं मूल्यमापन कसं असावं हे ठरवणाऱ्या सरकारी गटाचे अध्यक्ष होते किंग्ज कॉलेजचेच पॉल ब्लॅक, मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. शिक्षकांनी वर्गात केलेलं मूल्यमापन आणि राष्ट्रीय चाचण्या या दोन्हींना जागा द्यावी, असं या गटाचं म्हणणं होतं. १९८९ ते १९९१ या काळात विल्यम या नव्या अभ्यासक्रमासाठी चाचण्या तयार करणाऱ्या एका गटाचे शैक्षणिक समन्वयक होते. म्हणजे चाचणी कशी बनते, तिच्यातून काय कळतं आणि काय निसटतं, हे त्यांनी आतून पाहिलं होतं.

पुढे झालं काय, तर राष्ट्रीय चाचण्यांचे निकाल आणि शाळांच्या क्रमवाऱ्या यांचाच बोलबाला झाला आणि वर्गातलं मूल्यमापन मागे पडलं. हे वाचताना मला आपलं काही आठवलं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल.

बंद पेटीच्या आत

१९९८ मध्ये ब्लॅक आणि विल्यम यांनी वर्गातल्या मूल्यमापनावरचे सुमारे २५० अभ्यास एकत्र तपासून एक मोठा लेख लिहिला. त्याचं सार शिक्षकांसाठी एका छोट्या पुस्तिकेत मांडलं. तिचं नाव 'इनसाइड द ब्लॅक बॉक्स'. कल्पना साधी आहे. सरकार शाळेत एका बाजूने नियम, पैसा, पुस्तकं, परीक्षा घालतं आणि दुसऱ्या बाजूने निकाल बाहेर येण्याची वाट बघतं. मधली पेटी, म्हणजे वर्ग, बंदच राहते. आत रोज शिक्षक आणि मुलं यांच्यात काय घडतं, तिथेच सुधारणेची सगळ्यात मोठी जागा आहे, असा त्यांचा दावा होता.

या कामातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा असा: एखादी चाचणी मुळात आकारिक किंवा संकलित नसते. तिच्यातून मिळालेल्या माहितीचं पुढे काय केलं, यावर ते ठरतं. दहा गुणांची घटक चाचणी घेतली, गुण वहीत चढवले आणि पुढचा धडा सुरू केला, तर ते आकारिक मूल्यमापन नाहीच, वहीतला रकाना काहीही म्हणो. उलट तासाच्या मधोमध विचारलेल्या एका तोंडी प्रश्नामुळे शिक्षकाने पुढची दहा मिनिटं बदलली, तर ते खरं आकारिक मूल्यमापन.

उदाहरण देते. फळ्यावर लिहा: ०.४, ०.४५ आणि ०.१२५. यातली सर्वांत मोठी संख्या कोणती? बरोबर उत्तर ०.४५. पण ज्या मुलाने ०.१२५ निवडलं, त्याला वाटतंय की जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी. ज्याने ०.४ निवडलं, त्याच्या डोक्यात बहुधा उलटा नियम आहे: दशांश जितके जास्त तितके तुकडे बारीक, म्हणून संख्या लहान. दोघांनाही शून्य गुण मिळतील, पण दोघांना शिकवायचं वेगवेगळं आहे. विल्यम अशा प्रश्नाला 'बिजागरीचा प्रश्न' म्हणतात, कारण त्यावर तास कुठल्या दिशेला वळवायचा ते ठरतं. त्याची अट एवढीच, की उत्तर प्रत्येक मुलाने द्यायचं, हात वर करणाऱ्या चारच जणांनी नाही. पाटीवर लिहून वर धरली तरी चालतं. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी असा एक प्रश्न विचारला असता, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

२०१० मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात विल्यम यांनी इंग्लंडमधल्या एका शाळेत हे करून दाखवलं. हात वर करणं बंद, आइस्क्रीमच्या काड्यांवर मुलांची नावं लिहायची आणि जी काडी निघेल त्याने उत्तर द्यायचं. गंमत म्हणजे नेहमी हात वर करणारी हुशार मुलंच नाराज झाली. शिक्षकांनाही जुनी सवय मोडणं जड गेलं.

शेरा आणि गुण

या पुस्तिकेमुळे एक जुना प्रयोग खूप गाजला. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या मुलांत. दोन्ही मिळालेल्यांची स्थिती फक्त गुणवाल्यांसारखीच राहिली. गुण दिसले की मूल शेरा वाचतच नाही, आधी शेजारच्याची वही बघतं. हे कुठल्याही शिक्षकाला पटेल.

पण शेरा म्हणजे 'छान', 'सुधारणा आवश्यक' नव्हे. शेरा वाचून मुलाला पुढे नेमकं काय करायचं ते कळलं पाहिजे आणि ते करायला वर्गात वेळ मिळाला पाहिजे.

आकडे किती खरे?

इथे थोडं थांबायला हवं. १९९८ च्या पुस्तिकेत परिणामाचे आकडे ०.४ ते ०.७ असे दिले होते. शिक्षण संशोधनात हे खूपच मोठे मानले जातात, त्यामुळे जगभर त्यांचा गाजावाजा झाला. नंतर इतर संशोधकांनी हिशोब पुन्हा मांडला. २०११ मध्ये किंग्स्टन आणि नॅश यांच्या विश्लेषणात हा आकडा साधारण ०.२० आला. विल्यम यांनी स्वतः सहकाऱ्यांसोबत मेडवे आणि ऑक्सफर्डशायरमधल्या सहा शाळांत २४ शिक्षकांबरोबर काम केलं, तिथे सरासरी ०.३२ च्या आसपास परिणाम दिसला.

म्हणजे फायदा आहे, पण जादू नाही. कोणी 'हे तंत्र वापरा, निकाल दुप्पट' असं सांगत आलं, तर जरा जपूनच.

विल्यम यांनी नंतर नावाबद्दलही चूक कबूल केली. मूल्यमापन हा शब्द वापरल्यामुळे लोकांना ते परीक्षा आणि नोंदींचं काम वाटलं. त्याऐवजी 'प्रतिसाद देणारं अध्यापन' अशासारखं काही म्हणायला हवं होतं, असं ते म्हणाले. ज्याच्या नावावर एखादी संकल्पना जगभर गेली, त्यानेच असं म्हणावं, हे मला फार प्रामाणिक वाटलं.

मग मुख्याध्यापक कुठून आले?

१९९६ ते २००१ विल्यम किंग्ज कॉलेजच्या शिक्षण विभागाचे प्रमुख होते. २००३ मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनच्या ईटीएस या परीक्षा-संस्थेत संशोधन संचालक म्हणून गेले आणि २००६ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे उपसंचालक म्हणून परतले. या काळात त्यांचा प्रश्न बदलत गेला. वर्गात काय करावं हे माहीत झालं होतं. ते शेकडो शाळांत का होत नाही, हा खरा प्रश्न होता.

त्यांचं उत्तर असं: शिक्षकाला माहिती कमी पडत नाही, सवय बदलायची असते. आणि सवय एका दिवसाच्या प्रशिक्षणाने बदलत नाही. म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांचे छोटे गट सुचवले. आठ ते चौदा शिक्षक, महिन्यातून एकदा सव्वा तास. प्रत्येकाने सांगायचं: मागच्या वेळी मी काय करून बघायचं ठरवलं होतं, काय केलं, काय फसलं, पुढे काय करणार. मधल्या काळात एकमेकांचे तास बघायचे. काय बदलायचं ते शिक्षक स्वतः निवडतो, पण काहीच न बदलण्याची मुभा नाही.

हे टिकवायचं काम मुख्याध्यापकांचं. २०१६ मध्ये त्यांनी शिक्षकांच्या शिकण्यासाठी नेतृत्व या विषयावर पुस्तकच लिहिलं. त्यात एक अवघड सल्ला आहे. शाळेत चालणाऱ्या बहुतेक गोष्टी चांगल्याच असतात. तरी त्यातल्या काही थांबवल्याशिवाय अधिक चांगल्या गोष्टीला वेळ मिळत नाही. नेत्याने काय सुरू केलं यापेक्षा काय थांबवलं, ते बघा.

इंग्लंडमधल्या १४० माध्यमिक शाळांत दोन वर्षं या गटांची चाचणी झाली. २०१८ मध्ये आलेल्या अहवालानुसार, गट चालवणाऱ्या शाळांतली मुलं सुमारे दोन महिन्यांच्या अभ्यासाइतकी पुढे होती. खर्चही अगदी कमी होता.

आपल्याकडे

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शिक्षण हक्क कायद्याच्या पाठोपाठ आलेली ही चांगली कल्पना होती. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय अशी आठ साधनं-तंत्रं दिली. पण शाळेत ती आली नोंदींच्या रूपात. तपासणीला येणारे अधिकारी वही बघायचे. मग आम्हीही वही सांभाळली.

याचा दोष एकट्या शिक्षकाला देऊन भागणार नाही. अभ्यासासाठी भेटलेल्या एका मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "मॅडम, मी बाईंना नोंदी कमी लिहा म्हणेन हो, पण उद्या साहेब आले तर उत्तर मी देणार आहे." माझ्या संशोधनाचा अर्धा भाग या एका वाक्यात आहे.

तरी एक जागा मला आशेची वाटते. आपल्याकडे केंद्र पातळीवर शिक्षण परिषद भरते. शिक्षक एकत्र येतात. बऱ्याचदा तिथे परिपत्रकं वाचली जातात, माहिती भरायच्या सूचना होतात. त्यातला अर्धा तास जरी 'मी या महिन्यात वर्गात काय बदलून बघितलं' यासाठी राखला, तर नवा निधी लागणार नाही की नवी योजना. लागेल तो असं म्हणणारा एक केंद्रप्रमुख, आणि तपासणीला आल्यावर वही मागण्याआधी वर्गात दहा मिनिटं मागे बसणारा एक अधिकारी.

तो दशांशवाला मुलगा आता दहावीत असेल. पुढच्या लेखात, माझ्या अभ्यासातल्या शाळांत असे गट सुरू करताना पहिल्या तीन बैठकींत काय काय फसलं, ते लिहीन.